आरसी कारचं तुटलेलं प्लास्टिक: कुठल्या पार्टला कुठला ग्लू

माझी आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी १:१० स्केलची शॉर्ट कोर्स ट्रक एका मोठ्या जंपवरून नाकावर उतरली, कोलांट्या खात गेली आणि कडेच्या दगडावर आपटली. उचलून बघितली तर बॉडीला पुढच्या चाकाच्या कमानीपासून बॉनेटपर्यंत चीर, पुढचा बंपर मधोमध फाटलेला, चाकाला चॅसिसशी जोडणारा उजवीकडचा खालचा आर्म हिंज पिनपाशी (ज्या पिनवर तो वरखाली हलतो) तडकलेला, आत बसवलेल्या ड्रायव्हर केबिनचा एक खांब मोडलेला आणि रिसीव्हर बॉक्सचा (रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर ज्यात बसतो तो डबा) स्क्रूचा कान उडालेला. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) सगळं ठणठणीत, म्हणजे नुकसान झालं ते सगळं प्लास्टिकचं. नवे पार्ट लावता येतात हे खरंय पण ती बॉडी मी स्वतः रंगवलेली आणि केबिन आता बनत नाही, त्यामुळे जे जोडता येईल ते नीट जोडायचंच असं ठरवलं.

अशा वेळी सगळे एकच विचारतात, सगळ्यात स्ट्राँग ग्लू कुठला? मला वाटतं सुरुवात तिथून करूच नये. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात, तुटलेला पार्ट नेमक्या कुठल्या प्लास्टिकचा आहे आणि गाडी चालताना त्या जागेवर जोर कसा येतो. कारण एका गाडीत चार-पाच जातींचं प्लास्टिक असतं आणि ज्याने एबीएस नावाचं कडक प्लास्टिक एकजीव होतं तोच ग्लू नायलॉनवर नुसता वाळून बसतो, नखाने काढला की पापुद्रा निघून येतो. पाकिटावर एवढे किलो पेलतो वगैरे लिहिलेलं असतं पण आर्मवर किंवा बंपरवर जोर सरळ ओढून येत नाही, तो धक्क्याने येतो, वाकवून येतो, सांध्याच्या एका कडेपासून उकलत येतो, आणि बहुतेक ग्लू नेमके तिथेच कच्चे पडतात.

म्हणून पहिलं काम प्लास्टिक ओळखण्याचं. काही पार्टच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पीए म्हणजे नायलॉन, पीसी म्हणजे पॉलीकार्बोनेट, पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, पीओएम म्हणजे अॅसिटल (ज्याला डेलरिन म्हणतात तेच), आणि पुढे जीएफ३० असेल तर त्यात तीस टक्के काचेचे तंतू मिसळलेत. मोठ्या गाड्यांच्या पार्टवर हे हमखास सापडतं, आरसीच्या छोट्या पार्टवर बऱ्याचदा काहीच नसतं. मग पाण्याची टेस्ट. तुकडा पाण्यात टाकायचा, तरंगला तर पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीइथिलीन, कारण हे दोन पाण्यापेक्षा हलके, बाकी एबीएस, नायलॉन, पॉलीकार्बोनेट, अॅसिटल सगळे बुडतात. फक्त तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नकोत, नाहीतर बुडणारा पण तरंगतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घालायचा.

बुडाला तर पुढची टेस्ट अॅसिटोनची. पार्टच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने एक थेंब लावायचा आणि अर्ध्या मिनिटाने बोट टेकवायचं, चिकट लागलं तर एबीएस किंवा पॉलीस्टायरीन, काहीच फरक नाही तर नायलॉन किंवा अॅसिटल. पारदर्शक बॉडीवर ही टेस्ट करूच नका, ती पॉलीकार्बोनेटची असते हे आधीच माहीत असतं आणि अॅसिटोनने ती पांढरी पडते, बारीक तडे जातात. तरीही शंका राहिली तर कानसेने अगदी बारीक कीस काढायचा आणि चिमट्यात धरून पेटवायचा, उघड्यावर, नाक लांब ठेवून. नायलॉनला केस जळल्यासारखा वास येतो, एबीएस काळा धूर आणि काजळी सोडतं, पॉलीप्रॉपिलीनला मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास येतो, आणि अॅसिटलची ज्योत फिकट निळी, जवळजवळ दिसतच नाही, पण वास असा झणझणीत की डोळे चुरचुरतात (तो फॉर्माल्डिहाइड असतो, हुंगायला जाऊ नका).

माझ्या गाडीत असं निघालं की बॉडी पॉलीकार्बोनेट, आर्म नायलॉन आणि तुटलेल्या जागी काचेचे तंतू चक्क डोळ्यांना दिसत होते, केबिन आणि रिसीव्हर बॉक्स एबीएस, बंपर पाण्यात टाकला तर तरंगला. म्हणजे एका गाडीसाठी चार वेगळे उपाय.

बॉडीपासून सुरुवात केली. पॉलीकार्बोनेटची बॉडी मुद्दाम पातळ आणि लवचिक बनवलेली असते, आपटली की वाकायची आणि परत जागेवर यायची. इथे सुपरग्लू म्हणजे सीए लावला तर दोन अडचणी, एक तर तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो त्यामुळे बॉडी वाकली की सांधा तरी सुटतो नाहीतर ग्लूच्या कडेला लागून नवीन चीर पडते, आणि दुसरं म्हणजे त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, खिडकीच्या पारदर्शक भागावर तर फारच वाईट. बॉडीला हवा तो वाळल्यावरसुद्धा रबरासारखा राहणारा ग्लू. बुटाचे तळवे चिकटवायला वापरतात तो शू गू किंवा त्याच जातीचा ई६०००, दोन्ही आरसीवाल्यांमध्ये बरीच वर्षं चालत आलेत आणि माझ्या मते अजूनही त्यांना पर्याय नाही.

पण आधी चीर थांबवायची. चिरेच्या अगदी टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडलं, कारण चिरेचं टोक टोकदार असतं तोवर सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि ती पुढे सरकत राहते, गोल भोकाने तो ताण पसरतो. टोक नीट दिसत नसेल तर बॉडी हलकी वाकवून उजेडाकडे धरायची, दिसतं त्याच्या किंचित पुढे ते असतं. मग बाहेरून मास्किंग टेप लावून चिरेच्या दोन्ही कडा एका पातळीत आणल्या, आतून कोमट साबणाच्या पाण्याने धुवून आयपीएने म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. आरसीच्या लेक्झान म्हणजे पॉलीकार्बोनेट बॉडीला रंग आतून असतो त्यामुळे ग्लू रंगावर बसतो, प्लास्टिकवर नाही, म्हणून रंग जिथे सुटत चालला होता तेवढा भाग खरवडून काढला आणि बाकी तसाच ठेवला. एक पातळ थर, त्यात ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डच्या) सांध्यांना लावतात ती फायबरग्लासची जाळीदार टेप दाबून बसवली, चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंटीमीटर जाईल एवढी रुंद, आणि वरून परत पातळ थर. एकदम जाड थापायचं नाही, हा ग्लू त्यातला सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) उडून वाळतो आणि जाड थराच्या आत तो अडकून राहतो. वरून तासाभरात कोरडा लागला तरी पूर्ण ताकद यायला चोवीस ते बहात्तर तास लागतात, मी पूर्ण बहात्तर दिले. आता ती जागा बोटाने दाबली तर बॉडीबरोबर वाकते आणि परत येते, हेच हवं होतं.

केबिन सगळ्यात सोपी. एबीएसला ग्लू लावायचाच नसतो खरं तर, त्याला विरघळवून वेल्ड करायचं. अॅसिटोन किंवा एमईके (तसाच एक सॉल्व्हंट) असलेलं पातळ प्लास्टिक सिमेंट सांध्याच्या कडेला ब्रशने टेकवलं की ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांत मिसळतं आणि सॉल्व्हंट उडून गेला की मध्ये वेगळा असा थर उरतच नाही. अट एवढीच की तुकडे एकमेकांना घट्ट भिडायला हवेत. माझ्या केबिनचा खांब मोडताना एक टवका उडून हरवला होता, तर तिथे त्याच किटच्या स्प्रूचे म्हणजे पार्ट ज्या फ्रेमला लागून येतात तिचे तुकडे काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवून त्याची पेस्ट केली, रंगसुद्धा जुळला. ती भरली, एक दिवस तशीच ठेवली, कारण सॉल्व्हंट आत असेपर्यंत तो भाग मऊ असतो आणि लगेच घासायला गेलं तर पॉलिशपेपरबरोबर निघून येतो. मग १८० आणि ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून सपाट.

रिसीव्हर बॉक्स पण एबीएसच पण तिथे कानाचा तुकडाच सापडला नाही, त्यामुळे नवीन कान घडवायचा होता आणि त्याला इपॉक्सी बरा, कारण तो फट भरतो आणि वाळताना फारसा आकसत नाही. पाच मिनिटांवाला न घेता सावकाश सेट होणारा घेतला, तो जास्त ताकदीचा असतो आणि उष्णतेला जास्त टिकतो, पटकन सेट होणारे बरेच इपॉक्सी गरम झाले की मऊ पडतात आणि हा बॉक्स मोटरपासून फार लांब नाही. जागा खरबरीत करून, बारीक ड्रिलने भोकं पाडून त्यात तारेचे छोटे तुकडे खुंट्यांसारखे बसवले आणि त्यांच्याभोवती इपॉक्सीचा कान घडवला, म्हणजे सगळा भार ग्लूच्या पकडीवर नको. इपॉक्सीच्या दोन्ही भागांचं, म्हणजे रेझिन आणि हार्डनरचं, माप बरोबर घेणं फार महत्त्वाचं, हार्डनर थोडा जास्त घातला तर लवकर वाळेल असं बऱ्याच जणांना वाटतं, प्रत्यक्षात ते मिश्रण कायमचं मऊ किंवा ठिसूळ राहतं.

आता आर्म. सगळ्यात जास्त वेळ यावर गेला आणि सांगण्यासारखं पण इथेच जास्त आहे.

नायलॉन चिकटतच नाही असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही, खरबरीत केलेल्या स्वच्छ नायलॉनला सीए बऱ्यापैकी धरतो. अडचण वेगळी आहे, आर्म म्हणजे लांब दांडा, बाहेरच्या टोकाला चाक आणि आतल्या टोकाला हिंज पिन, चाकावर छोटा धक्का बसला तरी पिनपाशी तो कितीतरी पटींनी वाढून येतो आणि तिथे तुटलेल्या जागेचं क्षेत्रफळ बोटाच्या नखापेक्षाही कमी. समोरासमोर टेकवून चिकटवलेला एवढासा सांधा हा जोर पेलूच शकत नाही, ग्लू कुठलाही असो. रबर मिसळलेला काळा सीए मिळतो, तो साध्या सीएपेक्षा धक्क्याला खूपच चांगला, आणि सीए वापरायचाच असेल तर असल्या जागी तोच वापरावा, पण फक्त त्याच्या भरवशावर आर्म चालवावा असं मला वाटत नाही. आणि सीएवर अॅक्सिलरेटर म्हणजे किकर मारायची सवय असेल तर भार घेणाऱ्या जागी ती सोडा, लगेच कडक होतो हे खरं पण सांधा आणखी ठिसूळ होतो.

सीएबद्दल एक समजून घेतलं की बरंच सोपं होतं. तो हवा लागून वाळत नाही, पृष्ठभागावर जो ओलाव्याचा अतिपातळ थर असतो त्याने तो कडक होतो, म्हणून पातळ थर आणि घट्ट भिडलेले तुकडे यातच त्याची ताकद, जाड थेंब घातला तर आत ओला राहतो. कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या टीमला हे रसायन १९४२ साली सापडलं, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना, आणि ते सगळ्याला चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं गेलं, ग्लू म्हणून बाजारात आलं ते १९५८ मध्ये. म्हणजे मुळातच हा बारीक फटींचा ग्लू, फट असेल तर बेकिंग सोडा भरून वर पातळ सीए टाकतात आणि तो क्षणात दगडासारखा होतो, स्क्रूची झिजलेली भोकं भरायला मी हे वापरतो, पण वाकणाऱ्या जागी नाही. त्या वेळी उष्णता आणि वाफ दोन्ही निघतात, तोंड लांब ठेवायचं, आणि सीए कापसाच्या कापडावर सांडू द्यायचा नाही, कापूस इतका तापतो की चटका बसतो.

तर आर्मला मी वेल्डिंग केलं. झिप टाय म्हणजे केबल टाय हे नायलॉन ६६चे असतात, म्हणजे भरायला आपल्याच जातीचं प्लास्टिक हातात आहे. तडा दोन्ही बाजूंनी व्ही आकारात कोरला, पिनच्या भोकात स्टीलची पिन ठेवली म्हणजे भोक बुजणार नाही आणि सरळ राहील, मग टेंपरेचर सेट करता येणाऱ्या सोल्डरिंग आयर्नने तडा वितळवत वितळवत झिप टायचं प्लास्टिक आत भरत गेलो आणि मध्ये स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी पुरली. नायलॉन ६ साधारण २२० अंशाला आणि नायलॉन ६६ साधारण २६० अंशाला वितळतं, त्याच्या थोडं वर ठेवायचं, तपकिरी व्हायला लागलं तर प्लास्टिक जळतंय, तो भाग कमकुवत झाला समजा. खिडकी उघडी, पंखा चालू.

यात फार कमी लोक बोलतात अशी गोष्ट म्हणजे ओलावा. नायलॉन हवेतलं पाणी शोषून घेतं आणि तसंच वितळवलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येतात, सांधा स्पंजसारखा होतो. म्हणून आधी आर्म आणि झिप टाय दोन्ही कित्येक तास कोमट कोरड्या हवेत ठेवून सुकवले. आणि काम झाल्यावर बरोबर उलटं करायचं, कारण कोरडं नायलॉन कडक पण ठिसूळ असतं, थोडं पाणी प्यायलेलं नायलॉन चिवट असतं. आरसीवाले नवे आर्म पाण्यात उकळतात ते याचसाठी. मीपण वेल्ड केलेला आर्म उकळत्या पाण्यात ठेवला आणि त्याच पाण्यात गार होऊ दिला. तो आता गाडीत आहे, पण मी जंप असलेल्या ट्रॅकवर नवीन आर्म लावतो आणि हा मोकळ्या मैदानावर, कारण वेल्ड कितीही छान झाला तरी मूळचे काचेचे तंतू त्या रेषेवर तुटलेले आहेत, ते परत जुळत नाहीत.

बंपर पॉलीप्रॉपिलीनचा. त्याला साधा सीए, इपॉक्सी काहीही धरत नाही, त्याचा पृष्ठभाग इतका कमी ऊर्जेचा असतो की ग्लू पसरण्याऐवजी आक्रसतो. अशा प्लास्टिकसाठी प्रायमरच्या पेनबरोबर येणारा सीए मिळतो, आधी प्रायमर, मग ग्लू, आणि तो खरंच धरतो, पण बंपरचं कामच वाकण्याचं. म्हणून इथेपण वेल्डिंगच केलं, फक्त आयर्न बरंच कमी गरम, पॉलीप्रॉपिलीन साधारण १६५ अंशालाच वितळतं, आणि भरायला दुसऱ्या पॉलीप्रॉपिलीनच्या डब्याच्या झाकणाची पट्टी, तीसुद्धा आधी कोड बघून (त्रिकोणात ५). नायलॉनचा झिप टाय इथे मिसळत नाही.

आता कुठलाही ग्लू घ्या, सफाईबद्दल बोललंच पाहिजे कारण आरसी गाडीत एक शत्रू असतो जो दुसरीकडे फारसा भेटत नाही, तो म्हणजे सिलिकॉन ऑइल. शॉक अब्सॉर्बरमध्ये तेच, डिफरन्शियलमध्ये तेच, आणि आपटल्यावर शॉक गळला की ते आर्मवर, चॅसिसवर सगळीकडे पसरतं, दिसत नाही पण ग्लूला धरू देत नाही. आयपीएने ते नीट निघत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी, ब्रशने दोनदा घासून, पूर्ण सुकवून, मग पॉलिशपेपर आणि मग शेवटी आयपीए. आधी पॉलिशपेपरने घासून मग धुवायचं नाही, तो तेल ओरखड्यांमध्ये आत ढकलतो. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

आणि परत जोडताना थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा ग्लू. मेटलमध्ये जाणाऱ्या स्क्रूला लावायचाच, पण तो पॉलीकार्बोनेटला आणि एबीएसला लागला तर हळूहळू तडे पाडतो, विशेषतः स्क्रू घट्ट आवळून प्लास्टिक ताणाखाली असेल तेव्हा. रिसीव्हर बॉक्सच्या नव्या कानात स्क्रू थेट प्लास्टिकमध्येच जातो म्हणून तिथे काहीच लावलं नाही, हाताने बेताचा आवळला.

पुढच्या उजव्या चाकाचं टायर पण रिमवरून सुटलं होतं, आणि तिथे मात्र पातळ सीएच, दुसरं काही नाही. रबरावर तो अप्रतिम धरतो, कड बारीक असते, घट्ट भिडते. जुना ग्लू काढायला रिम अॅसिटोनमध्ये बुडवता आली कारण ती नायलॉनची, पण रिम, विशेषतः क्रोम केलेली, एबीएसची असेल तर बुडवल्यावर विरघळून जाईल, ते आधी बघा.

स्टिअरिंग नकलला (ज्या पार्टवर पुढचं चाक बसतं आणि वळतं) केसाएवढी बारीक चीर दिसली, बेअरिंगच्या भोवती. हा पार्ट जोडायच्या भानगडीत मी पडलो नाही, फुल स्पीडला तो तुटला तर चाक सुटून कुणाच्या तरी पायावर जाणार. दोन्ही बाजूंचे नकल नवे लावले.